किनाऱ्यावरच्या घरात हवामापक यंत्र: मीठ, धूळ आणि पडद्यावरचा आकडा

पणजीला करंझाळ्याच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्या माणसाने हवेतील कण मोजणारे घरगुती यंत्र विकत घ्यावे का, असे कोणी विचारले तर मी ‘घ्यावे’ असेच सांगेन. मात्र जून ते सप्टेंबर या काळातील त्याचे आकडे मनाला लावून घेऊ नयेत आणि ‘पीएम 10’ (10 मायक्रॉनपर्यंतचे कण; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) या नावाखाली ते जे दाखवते त्याकडे बाराही महिने काणाडोळा करावा. यंत्र वाईट नाही. परंतु ते ज्या हवेसाठी बनवले आहे ती हवा आणि आमच्या गॅलरीत येणारी हवा यांत मिठाचा फरक आहे आणि हा फरक खोक्यावर, माहितीपत्रकात किंवा मोबाइलवरच्या ॲपमध्ये कुठेही सांगितलेला नाही. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण चार-पाच हजार रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या बहुतेक यंत्रांत मूळ संवेदक एकाच तऱ्हेचा असतो आणि खाली लिहिलेले बरेचसे त्या सर्वांना लागू पडते.

यंत्र तळहातावर मावेल एवढे आहे. पांढऱ्या प्लास्टिकची डबी, समोर आकड्यांचा पडदा, मागे बारीक जाळी आणि मोबाइलच्या चार्जरवर चालण्याची सोय. आतला लहानसा पंखा बाहेरची हवा ओढून घेतो, त्या हवेतून लेझरचा किरण जातो, कणांवर आदळून विखुरलेला प्रकाश एक संवेदक टिपतो आणि त्यावरून कणांचा आकार व संख्या ठरवली जाते. आकारावरून घनफळ आणि गृहीत धरलेल्या घनतेवरून वजन, असा पुढचा हिशेब चिपमध्ये होतो. म्हणजे ‘एका घनमीटरमागे इतके मायक्रोग्रॅम’ म्हणून जो आकडा आपण वाचतो, तो कुठल्याही तराजूत तोललेला नसतो. तो प्रकाशावरून बांधलेला अंदाज असतो. माणसाचा केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाडीचा असतो आणि पीएम 2.5 मध्ये 2.5 मायक्रॉन किंवा त्याहून लहान व्यासाचे कण येतात, हे लक्षात घेतले तर एवढ्या पैशांत असा अंदाज घरबसल्या मिळतो याचे कौतुकच वाटते. पडद्याच्या कोपऱ्यात तापमान आणि सापेक्ष आर्द्रताही दिसते. घेताना मी या आर्द्रतेच्या आकड्याकडे फारसे पाहिले नव्हते, पण किनाऱ्यावरच्या घरात यंत्राचा सर्वांत उपयोगी भाग तोच आहे, असे आज म्हणावे लागते.

जुलैतल्या एखाद्या रात्री, पाऊस नुकताच थांबलेला असताना, रस्त्यावर वाहन नसताना आणि वारा थेट समुद्रावरून येत असताना हे यंत्र पीएम 2.5 साठी साठ-सत्तरच्या घरातला आकडा दाखवते आणि ॲपमधली पट्टी नारिंगीवरून लाल होते. तसा आकडा डिसेंबरात, शेजारी कोणी सुका पालापाचोळा पेटवला की दिसतो. धुरात डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. जुलैतल्या त्या हवेत तसे काहीच होत नाही. दुकानदाराला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “बाई, पावसात हवा स्वच्छच असते. तुमचे मशीन बिघडले असणार, दुसरे देतो.” त्याने दुसरे दिलेही, तक्रार न करता दिले, आणि दुसऱ्या यंत्रानेही पहिल्यासारखेच आकडे दाखवले. बिघाड यंत्रात नव्हता. हवेत खरोखरच कण होते. फक्त ते मिठाच्या पाण्याचे होते.

लाट फुटते तेव्हा ती हवेचे असंख्य बुडबुडे पाण्यात ओढून नेते. ते वर येऊन फुटताना दोन तऱ्हेने तुषार उडवतात. बुडबुड्याचा वरचा पातळ पापुद्रा फाटतो तेव्हा त्याचे अतिशय बारीक, पुष्कळदा एका मायक्रॉनहूनही लहान तुकडे होतात. मोठ्या बुडबुड्यातून असे शेकडो थेंब सुटतात. नंतर त्या रिकाम्या खळग्याच्या तळातून पाण्याची बारीक चिळकांडी वर उसळते आणि तुटून तिचे मोजके, पण मोठे थेंब होतात. वारा सेकंदाला साधारण 4 मीटरच्या पुढे गेला की खुल्या समुद्रावर पांढरा फेस दिसू लागतो आणि सेकंदाला 9-10 मीटरच्या पुढे लाटांच्या शेंड्यांवरून वारा थेट पाणीच खरवडून नेतो. किनाऱ्याला वाऱ्याची एवढी वाट पाहावी लागत नाही, कारण वाळूवर लाटा फुटायच्या थांबत नाहीत. पावसाळ्यात मिरामार-करंझाळ्याच्या बाजूला चष्म्याच्या काचेवर जो चिकट थर बसतो तो हाच. समुद्राच्या दर किलोग्रॅम पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, अरबी समुद्रात त्याहून किंचित अधिक. त्यात क्लोराइड आणि सोडियम मिळून सात हिश्शांतले सहा हिस्से भरतात आणि उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम येतात. अगदी लहान थेंबांवर पाण्याच्या पृष्ठभागावरची सेंद्रिय साय चढलेली असते, ती वेगळीच.

आता यंत्राची फसगत पाहू. शुद्ध सोडियम क्लोराइडचा कोरडा कण हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेली की पाणी ओढून विरघळतो आणि थेंब होतो. उलट दिशेने मात्र तो इतक्या सहज मागे येत नाही. आर्द्रता साधारण 45 टक्क्यांपर्यंत उतरल्याशिवाय त्या थेंबाचा पुन्हा स्फटिक होत नाही. आमच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातल्या काही कोरड्या दुपारी सोडल्या तर आर्द्रता इतकी खाली येतच नाही, त्यामुळे इथल्या हवेतले समुद्री मीठ वर्षाचा बहुतेक काळ थेंबाच्याच रूपात फिरत असते. 80 टक्के आर्द्रतेला या थेंबाचा व्यास कोरड्या कणाच्या सुमारे दुप्पट होतो. व्यास दुप्पट म्हणजे घनफळ आठपट, आणि त्या आठातले सात हिस्से निव्वळ पाणी. 98 टक्क्यांच्या आसपास व्यास चौपट होतो. पाऊस सुरू झाल्यावर स्वयंपाकघरातल्या बरणीतल्या खड्याच्या मिठाला पाणी सुटते, त्यातलाच हा प्रकार आहे. खड्याच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्यामुळे ते शुद्ध मिठाहूनही आधी ओलावते, एवढाच फरक. यंत्राला यातले काही कळायला मार्ग नाही. फुगलेला थेंब अधिक प्रकाश विखुरतो, यंत्र त्याला मोठा, भरीव, कोरडा कण समजते आणि पाण्याच्या वजनाचे बिल प्रदूषणाच्या खात्यावर लावते.

सरकारी किंवा संशोधनाच्या दर्जाची उपकरणे ही अडचण ओळखून बांधलेली असतात. बीटा किरणांच्या साहाय्याने पट्टीवर जमलेल्या कणांचे वजन मोजणारी यंत्रे आत येणारी हवा आधी किंचित तापवून कोरडी करून घेतात, आणि गाळणकागदावर कण जमवून तोलण्याच्या पद्धतीत तो कागद ठरावीक तापमान व आर्द्रतेच्या खोलीत ठेवून मगच तराजूवर चढतो. आमच्या डबीत हवा तापवण्याची सोय नाही आणि एवढ्या किमतीत ती मागणेही रास्त नाही. पण आर्द्रतेचा संवेदक आत असताना त्याचा उपयोग आकडा सुधारण्यासाठी करू नये, हे मात्र पटत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याच जातीच्या एका स्वस्त यंत्रासाठी 2021 मध्ये जे दुरुस्तीचे सूत्र प्रसिद्ध केले, त्यात यंत्राचा आकडा जवळजवळ निम्म्यावर आणून त्यातून आर्द्रतेच्या प्रमाणात आणखी वजाबाकी केलेली आहे. ते सूत्र तिकडच्या हवेसाठी आहे, आपल्या खाऱ्या हवेला ते जसेच्या तसे लावता येणार नाही, हे खरे. तरीही ‘आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर आहे, आकडा वाढीव असण्याचा संभव आहे’ एवढी एक ओळ ॲपमध्ये दाखवायला कंपनीला काहीच खर्च येणार नाही.

मिठाचे कण धुरासारखे मोजू नयेत, ही काही माझ्या एकटीची हौस नाही. युरोपीय संघाच्या 2008 च्या हवा-गुणवत्तेच्या निर्देशात, समुद्राच्या तुषारांसारख्या नैसर्गिक स्रोतांमुळे मर्यादा ओलांडली गेली असल्याचे दाखवून दिले तर तेवढा भाग वजा करण्याची मुभा सदस्य देशांना आहे. लाटेतून उडालेल्या मिठाचा आणि डिझेलच्या काजळीचा आरोग्यावर सारखाच परिणाम होतो, असे कोणी मानत नाही. पण यंत्राच्या पडद्यावर दोन्ही एकाच रंगात दिसतात.

खात्री करून घ्यायची असेल तर त्यासाठी यंत्राहून कितीतरी स्वस्त उपाय आहे. काचेची एक स्वच्छ पट्टी गॅलरीच्या कठड्यावर, पाऊस लागणार नाही अशा जागी, एखादा दिवस ठेवावी आणि नंतर टेबलावरच्या दिव्याखाली सुकू द्यावी. सोनाराकडे असते तसल्या भिंगातून पाहिले की जमलेल्या थेंबांतून तयार झालेले चौकोनी, कडा सरळ असलेले स्फटिक चमकताना दिसतात; त्यांच्या मधूनमधून वेडेवाकडे, तांबूस किंवा राखाडी रंगाचे दाणे आणि क्वचित काळे धागे. मग बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचा एक थेंब त्यावर सोडावा. चौकोनी स्फटिक बघता बघता नाहीसे होतात, आणि तांबूस दाणे व काळे धागे जागच्या जागी राहतात. शाळेच्या प्रयोगशाळेतून सिल्व्हर नायट्रेट मिळाले तर त्या पाण्यात एक थेंब टाकताच पांढरा साका बसतो आणि क्लोराइडबद्दल शंका उरत नाही. समुद्राकडच्या खिडकीतल्या पट्टीवर जवळजवळ सगळे विरघळले, रस्त्याकडच्या खिडकीतल्या पट्टीवर निम्मेअधिक तसेच राहिले. यंत्राने त्या दोन खिडक्यांत दाखवलेला फरक मात्र नगण्य होता.

हे सारे वाचून यंत्र निरुपयोगी आहे असा समज होऊ नये, कारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत ते आपली किंमत वसूल करून देते. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, त्यांचा आलेखच हे यंत्र रोज काढून दाखवते. हिवाळ्यात रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहू लागतो आणि आतल्या भागातला धूर, वाहनांची काजळी आणि कचरा जाळल्याचा वास घेऊन तो आमच्या घरावरून समुद्रात जातो. यंत्राचा आकडा रात्री उशिरा चढू लागतो, पहाटे सर्वांत वर असतो आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा सुरू झाला की तासाभरात धाडकन खाली येतो. धुराचे कण बहुतांशी एका मायक्रॉनहून लहान असतात आणि लेझरच्या या पद्धतीला नेमका तोच आकार चांगला दिसतो. शिवाय दुपारी आर्द्रताही कमी असते. घरात दमेकरी असल्याने पहाटेचे फिरणे सकाळी उशिरावर ढकलण्याचा निर्णय आम्ही या आलेखावरूनच घेतला आणि तो योग्य ठरला. दिवाळीत नरकासुराचे पुतळे जाळले जातात त्या पहाटे काय होते हे पाहायचे असेल त्यांनी तर हे यंत्र जरूर घ्यावे.

ॲपबद्दल एक तक्रार अशी, की ते हवेचा निर्देशांक अमेरिकी पट्टीने दाखवते आणि ही गोष्ट सेटिंगच्या तिसऱ्या पानावर दडवून ठेवलेली आहे. पीएम 2.5 चे प्रमाण दर घनमीटर 50 मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय पट्टीवर निर्देशांक सुमारे 83 येतो आणि शेरा ‘समाधानकारक’ असा पडतो. अमेरिकी पट्टीवर तीच हवा सुमारे 137 होते आणि शेरा ‘संवेदनशील व्यक्तींसाठी अपायकारक’ असा. कोणती पट्टी बरोबर हा वाद इथे नको. भारताची 24 तासांची मर्यादा 60 आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची शिफारस 15 आहे, यावरून अशा निकषांमध्ये किती अंतर असते ते दिसतेच. पण वर्तमानपत्रात छापलेला आकडा आणि आपल्या भिंतीवरचा आकडा यांची तुलना करणाऱ्याला आपण कोणत्या पट्टीवर उभे आहोत हे आधी कळायला हवे. शिवाय या मर्यादा दिवसभराच्या सरासरीच्या आहेत. पोळ्या भाजताना पाच मिनिटे चढलेल्या आकड्याला त्या लावून घाबरण्यात अर्थ नाही.

आता धुळीकडे वळते, कारण यंत्राची खरी उणीव तिथे आहे. खोक्यावर पीएम 10 मोजते असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. प्रत्यक्षात लेझरच्या या लहान संवेदकांना दोन-तीन मायक्रॉनहून मोठे कण नीट दिसत नाहीत. त्यातले पुष्कळसे पंख्याच्या क्षीण ओढीने आत येतच नाहीत आणि आलेच तर लेझरच्या झोतातून त्यांची नेमकी मोजदाद होत नाही. म्हणून पीएम 10 चा आकडा बारीक कणांवरून, ठरलेल्या प्रमाणाने, पुढे रेटलेला असतो. दोन्हींचे आलेख एकावर एक ठेवले तर ते जुळ्यासारखे एकत्र चढतात आणि एकत्र उतरतात, यावरूनच संशय यायला हवा. खाणींच्या पट्ट्यातल्या डिचोलीला नणंदेच्या घरी हे यंत्र नेऊन अंगणात ठेवले. खाणींचे काम सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये थांबले, तरी त्या पट्ट्यातली तांबडी जांभ्याची माती आणि कच्च्या कडांचे रस्ते तसेच आहेत. भरलेला टिपर गेला की तांब्याच्या भांड्यावर, तुळशीच्या पानांवर, ओटीवरच्या खुर्चीवर लाल थर बसतो. “आता बघ हं वहिनी,” म्हणून नणंद पडद्याकडे बोट दाखवत उभी राहिली. टिपर गेला, आम्ही दोघींनी पदराने नाक झाकले, आणि आकडा चाळिसावरून बेचाळिसावर गेला. ज्या धुळीने शेजाऱ्यांचे भांडण ग्रामपंचायतीपर्यंत जाते, तिची यंत्राला दखलच नव्हती.

मिठाच्या बाबतीतही हाच दोष उलट अंगाने काम करतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. समुद्री मिठाच्या वजनाचा मोठा हिस्सा 2.5 मायक्रॉनहून जाड थेंबांत असतो, म्हणजे तो यंत्राला दिसत नाही. जो थोडा हिस्सा बारीक थेंबांत असतो तो पाण्याने फुगून अवाच्या सवा मोठा दिसतो. एक चूक दुसरीची भरपाई करत नाही, दोन्ही मिळून असा आकडा येतो की त्यावरून मिठाचे खरे प्रमाण काढताच येऊ नये. मुरगाव बंदराच्या परिसरात कोळशाच्या भुकटीची चर्चा नेहमी होते. तिच्यासाठी हे यंत्र घेण्याचा विचार असलेल्या वास्कोकरांनीही हाच इशारा ध्यानात घ्यावा. जाड भुकटी मोजायची तर गाळणकागदाची पद्धतच हवी.

माझ्या मनात हे यंत्र घेण्यामागे आणखी एक हेतू होता. अरबस्तान, इराण-मकरानचा किनारा, थरचे वाळवंट आणि आफ्रिकेचे शिंग अशा चहूबाजूंच्या कोरड्या मुलखांतून अरबी समुद्रावर धूळ येते. जगातल्या समुद्रांपैकी ज्यांच्यावर धूळ अधिक पडते त्यांत आपला समुद्र गणला जातो. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानच्या बाजूने उठलेले धुळीचे वादळ गुजरातमार्गे मुंबईपर्यंत पोहोचले आणि तिथल्या गाड्यांवर पांढरट भुकटी बसली, तेव्हा असा एखादा लोट गोव्यावरून गेला तर घरच्या घरी ओळखता यावा, असे वाटले होते. दीड-दोन हजार किलोमीटर उडून आलेल्या धुळीतले जाड दाणे वाटेतच समुद्रात पडलेले असतात आणि उरलेले बहुतांशी एक ते पाच मायक्रॉनचे असतात, म्हणजे यंत्राच्या नजरेच्या ऐन काठावरचे. त्यातही जून-जुलैमध्ये वायव्येकडून येणारी धूळ पुष्कळदा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या दमट थराच्या वरून, किलोमीटर-दोन किलोमीटर उंचीवरून जाते. उपग्रहाच्या चित्रात समुद्रावर मळकट पडदा दिसतो आणि आमच्या गॅलरीत मात्र फक्त मीठ असते. हे यंत्राचे न्यून नव्हे. खिडकीत ठेवलेल्या कुठल्याच उपकरणाला ते जमणार नाही. 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावल्याला आहे. अशा संस्था हवेचे नमुने गाळणकागदावर घेऊन त्यांतल्या मूलद्रव्यांचे विश्लेषण करतात ते याचसाठी: सोडियम समुद्राचा पत्ता सांगते, ॲल्युमिनियम मातीचा.

या धुळीचे पुढे काय होते हेही मोठे मनोरंजक आहे, म्हणून थोडे विषयांतर करते. मिठाचा थेंब समुद्रात परत पडला की मिसळून जातो, त्याचा हिशेब मिटतो. धूळ विरघळत नाही. तिच्यात वजनाने साडेतीन टक्क्यांच्या आसपास लोह असते, त्यातले अगदी थोडे पाण्यात उतरते, पण किनाऱ्यापासून दूरच्या पाण्यात लोहाचा तुटवडा असेल तिथे तेवढ्यावरही सूक्ष्म वनस्पती पोसल्या जातात. उरलेले दोन मायक्रॉनचे दाणे नुसत्या स्वतःच्या वजनाने बुडू लागले तर दिवसाला जेमतेम वीतभर-हातभर खाली जातील आणि तीन किलोमीटरचा तळ गाठायला त्यांना वीस-पंचवीस वर्षे लागतील. प्रत्यक्षात ते सूक्ष्म जीवांच्या विष्ठेत आणि मृत सेंद्रिय पदार्थांच्या झुबक्यांत अडकतात, त्या झुबक्यांना वजन देतात आणि दिवसाला शंभरेक मीटरच्या वेगाने, महिनाभरात तळाशी पोहोचतात. त्यांच्याबरोबर हवेतून घेतलेला कार्बनही खाली जातो. पडद्यावर ‘धूळ’ या एका शब्दात यंत्र ज्याची बोळवण करते, त्याचा एवढा प्रवास असतो.

टिकाऊपणाबद्दल लिहिल्याशिवाय किनाऱ्यावरच्या वस्तूचे परीक्षण पुरे होत नाही. यंत्र घरात ठेवण्यासाठी बनवले आहे, असे माहितीपत्रक सांगते. पण समुद्राकडच्या खोलीत घर आणि बाहेर यांत फारसे अंतर नसते. पहिल्या पावसाळ्यानंतर पाठीमागच्या स्क्रूंवर गंज चढला आणि चार्जरच्या खाचेत हिरवट थर आला. नंतर पंखा घरघरू लागला. एसी दुरुस्त करायला येणाऱ्या मुलाने तो उघडून पाहिला आणि म्हणाला, “ताई, एसीच्या बाहेरच्या युनिटचे पत्रे खाते तेच मीठ हे. वाळले की धूळ धरते, ओले झाले की धातू खाते.” त्याचे निदान रसायनशास्त्राच्या पुस्तकात बसणारे होते. पात्यांवर मिठाचा चिकट थर, त्यावर धूळ, आणि प्रकाशसंवेदकाच्या काचेवरही तसाच थर जमल्याने स्वच्छ दुपारीही आकडा शून्याजवळ येईनासा झाला. हवेतून बसणाऱ्या मिठाचे प्रमाण किनाऱ्यापासून पहिल्या काहीशे मीटरांतच झपाट्याने घटते, त्यामुळे ताळगावच्या आतल्या बाजूला किंवा पर्वरीला राहणाऱ्यांचे यंत्र बरेच अधिक टिकेल. आम्ही मात्र अगदी पुढच्या रांगेत आहोत. मऊ, कोरड्या कुंचल्याने जाळी साफ करणे आणि पावसाळ्यात गरज नसेल तेव्हा यंत्र बंद करून, सिलिका जेलची पुडी घालून डब्यात ठेवणे, एवढे केल्यावर दुसऱ्या वर्षी हानी कमी झाली.

विक्रीनंतरच्या सेवेला मी साधारण म्हणेन. मदत केंद्रावरची मुलगी सौजन्याने बोलली, परंतु ‘समुद्र’ हा पर्याय तिच्या यादीत नव्हता. वॉरंटी एक वर्षाची आहे आणि ‘ओलाव्यामुळे झालेले नुकसान’ तिच्यातून वगळलेले आहे, म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यावर ती वॉरंटी आठ महिन्यांची समजावी. संवेदकाचा भाग वेगळा विकत मिळतो आणि तो बदलणे चार स्क्रूंचे काम आहे, ही जमेची बाजू.

तेव्हा घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल, शेजारी कचरा जाळण्याची सवय असेल, स्वयंपाकघराचा धूर कोंडत असेल, तर यंत्र घ्यावे आणि ते रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीपासून दोन हात आत, गॅस आणि देवघरातल्या उदबत्तीपासून दूर ठेवावे. आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर असेल तेव्हा पीएम 2.5 च्या आकड्यावर भरवसा ठेवू नये आणि निर्देशांकाची पट्टी पहिल्याच दिवशी भारतीय करून घ्यावी. खाण, क्रशर, कच्चा रस्ता किंवा कोळसा यांच्या धुळीबद्दल पुरावा म्हणून अर्जाला जोडायला हे आकडे वापरू नयेत. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गाळणकागदाने मोजणी करण्याचीच मागणी करावी, नाहीतर समोरचा पक्ष याच यंत्राचा ‘फक्त बेचाळीस’ हा आकडा आपल्यापुढे ठेवील. खरेदीच्या वेळी वॉरंटीतली ओलाव्याची अट दुकानदाराकडून मोठ्याने वाचून घ्यावी आणि संवेदकाचा सुटा भाग त्याच्याकडे मिळतो का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.